मुलीची पाठ शेवटची कधी पाहिलीत?

कोणी भाकऱ्या थापत असेल, कोणी मासळी निवडत असेल, कोणी नुकतीच वाडीतून येऊन ओट्यावर टेकली असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मी आपल्या किनाऱ्यावरच्या बचत गटांची समन्वयक. एरवी माझ्या तोंडी कर्ज, हप्ता, बँक, ग्रामसंघ हेच शब्द असतात. आज मुलींच्या पाठीच्या कण्याबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही. पण आमच्या गटात जे घडलं ते तुमच्यापर्यंत पोचलं, तर एखाद्या मुलीचं दुखणं वेळेत सापडेल, म्हणून बोलते.

आमच्या एका गटात शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, फॉल-पिको, सगळं करतात. त्यांच्याकडे एक जुनी मापाची वही आहे. दर जूनमध्ये गावातल्या मुली गणवेशाचं माप द्यायला येतात आणि काकू खांदा, मुंढा, छाती, उंची लिहून ठेवतात. त्यांतल्या एका मुलीचं काय झालं, ते ऐका. ती सहावीत होती तेव्हा काकूंना तिच्या दोन बाजूंच्या उंचीत दोन सुतांचा फरक मिळाला. त्यांना वाटलं, पोरगी हलली असेल. सातवीत अर्धा इंच. आठवीत पाऊण इंच. ड्रेसचा घेर एका बाजूला वर चढायचा. मुलीची आई हसून म्हणायची, "काकू, तुमचा हात बिघडला की काय?" काकूंनी मग एका खांद्यात कापडाची घडी घालून ड्रेस बरोबर बसवून दिला. नववीत दोन घड्या घातल्या.

ड्रेस सरळ दिसायला लागला. आतली पाठ वाकत राहिली.

मीसुद्धा त्यात आलेच. पंधरा ऑगस्टच्या नाचाची तालीम मीच घेत होते. तिला चारचौघांत म्हटलं होतं, "सरळ उभी राहा गं, अशी एका अंगावर काय कलतेस?" ती बिचारी सरळच उभी होती.

नववीच्या दिवाळीत मावशीने तिला न्हाऊ घातलं तेव्हा पाठीवर तेल लावताना मावशीच्या हाताला एका बाजूचा उंचवटा लागला. मग धावपळ झाली. एक्स-रे निघाला. बाक पन्नास अंशांच्या वर गेला होता आणि वाढीचं वय बरंचसं सरलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दोन-तीन वर्षं आधी का नाही आणलंत?" आई रडायला लागली. काकूंनी घरी येऊन वही उघडली. तिन्ही वर्षांची मापं तिथं लिहिलेली होती.

आता हे दुखणं काय आहे ते सांगते. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. पोक निघते तेव्हा पाठ पुढे वाकते. इथे कणा बाजूला वाकतो. मागून बघितलं तर सरळ रेघेऐवजी इंग्रजी सी किंवा एस अक्षरासारखा दिसतो. आणि वाकतो तेवढंच नाही, ओली साडी पिळताना जसा पीळ पडतो तसा तो फिरतोही. बरगड्या कण्यालाच जोडलेल्या, त्याही त्याच्याबरोबर फिरतात. म्हणून एका बाजूची पाठ वर येते. मावशीच्या हाताला लागलं ते हेच.

एक्स-रेवर हा बाक अंशांत मोजतात. अमेरिकेतल्या डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये ती पद्धत सांगितली, आजही सगळीकडे तीच चालते. १० अंशांच्या वर बाक असला तर त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. १० ते १८ वयाच्या शंभर मुलांमागे साधारण दोन-तीन जणांना तो असतो. घाबरू नका, त्यांतल्या बहुतेकांचा बाक लहानच राहतो आणि नुसतं लक्ष ठेवलं की पुरतं. पण ज्यांचा वाढतो त्यांत मुलांपेक्षा मुली कितीतरी जास्त असतात. आणि तो वाढतो तो नेमका उंची झपाट्याने वाढायच्या काळात, म्हणजे पाळी सुरू व्हायच्या थोडं आधी आणि त्यानंतरचं वर्ष-दोन वर्षं.

आता कारण विचाराल. बहुतेक मुलींमध्ये नेमकं कारण सापडत नाही. घराण्यात कोणाला असेल तर भावंडांना असण्याची शक्यता जास्त, एवढं नक्की. पण दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही. कमरेवर हंडा घेतल्याने येत नाही. वाकडं बसल्याने, एका कुशीवर झोपल्याने येत नाही. आणि गरोदरपणी आईने ग्रहणात सुरी हातात धरली म्हणूनही येत नाही. हे मी मुद्दाम बोलते, कारण त्या मुलीच्या आजीने सगळ्यांसमोर सुनेला हेच ऐकवलं होतं. एवढ्या काळजीत असलेल्या आईवर आणखी ते ओझं कशाला?

मग हे आपल्याला आधी का दिसत नाही? विचार करून बघा. मुलगी लहान असते तोवर आपण तिला न्हाऊ घालतो, पाठ चोळतो. दहा-अकरा वर्षांची झाली की ती स्वतः अंघोळ करते, दार लावून घेते, आणि तेच बरोबर आहे. त्यानंतर ओढणी येते, सैल कपडे येतात. म्हणजे ज्या वयात पाठ वाकायला लागते, त्याच वयात ती आईच्या नजरेआड जाते. त्यात हा बाक बहुतेक वेळा दुखतही नाही, म्हणून मुलगीही काही बोलत नाही. तुमच्या मुलीची उघडी पाठ तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

बघायचं कसं, ते सांगते. याला खर्च शून्य. घरात दार लावा. आई, आजी, मावशी, मोठी बहीण, मुलीला जी चालेल ती एकच बाई आत असू द्या. आधी मुलीला सांगा की आपण काय बघणार आहोत आणि कशासाठी. ती नको म्हणाली तर जबरदस्ती नको, उद्या विचारा. केस वर बांधायला सांगा. पाठ उघडी राहील असा परकर छातीवर बांधला किंवा गाऊन उलटा घातला की संकोच कमी होतो.

आधी तिला पाय जुळवून, हात सैल सोडून पाठमोरी उभी करा. दोन्ही खांदे सारखे आहेत का? पाठीवरची खांद्याची पाती सारखी आहेत का, की एक जास्त बाहेर आलंय? कमरेची खाच दोन्हीकडे सारखी आहे का? हात आणि अंग यांच्यामधली मोकळी जागा दोन्हीकडे सारखी दिसते का?

मग गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे जुळवून, जमिनीवरचं काही उचलावं तसं कमरेतून पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा आणि तुमची नजर तिच्या पाठीच्या पातळीत आणा. दोन्ही बाजू सपाट दिसल्या पाहिजेत. एक बाजू टेकाडासारखी वर आलेली दिसली, तर डॉक्टरांना दाखवायचं. विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६५ मध्ये ही पद्धत सांगितली. दीडशे वर्षं उलटून गेली, अजून मोठमोठ्या दवाखान्यांत पहिली तपासणी हीच होते. डॉक्टर त्याबरोबर एक छोटं साधन पाठीवर ठेवतात. आपला गवंडी भिंतीला पाणसळ लावतो ना, तसलंच ते असतं. त्यावर साधारण ५ ते ७ अंशांच्या वर उतार दिसला तर पुढच्या तपासणीला पाठवतात.

अमेरिकेतल्या हाडांच्या आणि बालरोगाच्या डॉक्टरांच्या संघटना सांगतात की मुलींची पाठ दहाव्या आणि बाराव्या वर्षी अशी दोनदा बघावी आणि मुलग्यांची तेराव्या किंवा चौदाव्या वर्षी एकदा. सगळ्या तज्ज्ञांचं यावर एकमत आहे असं नाही. तिथल्याच एका सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०१८ मध्ये म्हटलं की सरसकट सगळ्या मुलांना तपासावं किंवा तपासू नये, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. पण आईने घरात वर्षातून एकदोनदा मुलीची पाठ बघायला मंडळ कशाला हवं?

आता कॅमेऱ्याची गोष्ट. गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईने मोबाइलवर बातमी दाखवली. उष्णतेचा फोटो काढणारा कॅमेरा, मुलीला हात न लावता पाठीचा बाक ओळखतो म्हणे. ती म्हणाली, "आपण असा कॅमेरा आणू, शाळाशाळांत शिबिरं घेऊ. मुलींचं भलं होईल आणि गटालाही चार पैसे मिळतील." बैठकीत सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. म्हणून आधी माहिती काढली. ती तुम्हालाही सांगते, कारण उद्या असं शिबिर घेऊन कोणी तुमच्या गावातही येईल.

कोरोनात २०२० साली "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत आशाताई घरोघर यायच्या आणि अंगाला न लावता ताप मोजायच्या, आठवतं? आपलं अंग सतत उष्णता बाहेर टाकतं, ती डोळ्यांना दिसत नाही, पण ते यंत्र ती पकडतं. उष्णतेचा कॅमेराही हेच करतो. एका ठिकाणचा आकडा देण्याऐवजी तो सगळ्या पाठीचं रंगीत चित्र काढतो. गरम भाग लाल-पिवळा, थंड भाग निळा. चांगल्या पाठीचे डावे-उजवे भाग जवळजवळ सारखेच गरम असतात. कणा वाकला की दोन्हीकडच्या स्नायूंना सारखं काम पडत नाही, म्हणून तिथल्या कातडीच्या उष्णतेत थोडा फरक पडतो. तो फरक संगणकाने ओळखायचा, अशी ही कल्पना. वेगवेगळ्या देशांतले संशोधक यावर काम करतायत.

यात चांगलं काय आहे? कॅमेऱ्यातून कुठलेही किरण मुलीच्या अंगात जात नाहीत. एक्स-रेमधून जातात. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात बाक सापडलेल्या हजारो स्त्रियांचा पुढे अभ्यास झाला. लहानपणी त्यांचे पुन्हापुन्हा एक्स-रे काढले होते आणि त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त निघालं. आताच्या यंत्रांत किरण पुष्कळ कमी लागतात, त्यामुळे गरजेचा एक्स-रे टाळू नका. पण किरणांशिवाय तपासण्याचे मार्ग का शोधले जातात, हे यातून कळतं. जपानमध्ये तर पूर्वीपासून शाळेतल्या मुलांच्या पाठीवर उजेड-सावलीच्या पट्ट्या पाडून त्या वाकड्या दिसतात का ते बघत आले.

आता अडचणी ऐका. कॅमेरा कातडीची उष्णता बघतो, हाड बघत नाही. शिवाय जो फरक शोधायचा तो एका अंशापेक्षाही कमी असू शकतो. त्यासाठी मुलीने पाठ उघडी ठेवून, न घामेजता, एकसारख्या थंड खोलीत दहा-पंधरा मिनिटं बसावं लागतं. अंगाला तेल लावलेलं चालत नाही, पंख्याचा झोत एका बाजूला आलेला चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात, वीज गेलेली, दोन किलोमीटर चालत आलेली घामाघूम पोर, पत्र्याच्या शाळेत... सांगा, तिथे कॅमेऱ्याला काय दिसेल?

दुसरी गोष्ट हिशेबाची. बचत गटाच्या बायकांना हिशेब शिकवायला नको. समजा शंभर मुली तपासल्या आणि त्यांतल्या तिघींना खरंच बाक आहे. समजा यंत्र शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगतं. मग त्या तिघी बहुधा सापडतील. पण उरलेल्या सत्त्याण्णव जणींमधल्या दहाएक जणींनाही ते चुकीने "बाक आहे" म्हणेल. दहा घरांत उगाच रडारड, अलिबागची दहा भाडी, बुडालेली मजुरी, एक्स-रे, आणि गावात कुजबुज वेगळी. नुसत्या डोळ्यांनी बघण्यातही चूक होतेच. पण ती बघणारी बाई "मला शंका वाटते, डॉक्टरांना दाखवू" एवढंच म्हणते. यंत्राचा कागद हातात आला की लोक त्याला निकाल समजतात. स्तनांच्या तपासणीतही उष्णतेचे कॅमेरे वापरतात, आणि तिथे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट बजावलंय की हा फोटो मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. पाठीच्या बाबतीत तर काम अजून संशोधनाच्याच पायरीवर आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रंगीत असला तरी तो आपल्या मुलीच्या उघड्या अंगाचा फोटो असतो. तो कोणी काढला, कुठे साठवला, कोणाला पाठवला? हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आमच्या ग्रामसंघाने ठरवलं की आता कॅमेरा आणायचा नाही. उद्या एखादं सरकारी रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय रीतसर अभ्यास म्हणून हे घेऊन आलं, लेखी परवानगी घेतली, सोबत बाई डॉक्टर असली आणि पैसे मागितले नाहीत, तर जरूर विचार करू.

पाठीत फरक दिसला तर पुढे काय? आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला त्याची सुरुवात झाली. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. पथकात एक पुरुष आणि एक बाई डॉक्टर असते. मुलांचा गोंधळ असतो, वेळ कमी असतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांनी आधीच सांगून ठेवा, "बाईंनी आमच्या मुलींची पाठ आडोशाला वाकवून बघा." तेवढं थांबायचं नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जा, तिथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे. पुढे लागलं तर मुंबईत परळला केईएम आहे, मुलांसाठी वाडिया रुग्णालय आहे. मात्र पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेची लाँच बंद असते, तारीख घेताना ते लक्षात ठेवा. खर्चाचं काम निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

डॉक्टर बाक मोजतील. लहान असेल तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतील. त्या तारखा चुकवू नका, सगळा खेळ तिथेच आहे. साधारण २५ ते ४० अंशांचा बाक असेल आणि वाढ बाकी असेल तर पट्टा देतात. हा पट्टा म्हणजे अंगाच्या मापाचा कडक प्लॅस्टिकचा साचा. तो घातल्याने वाकलेला कणा सरळ होतो असं समजू नका. तो पुढचं वाकणं अडवतो. अमेरिका आणि कॅनडात यावर मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०१३ मध्ये आला. पट्टा लावलेल्या शंभरातल्या ७२ मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हा आकडा ४८ होता. ज्यांनी दिवसाला १३ तास किंवा त्याहून जास्त पट्टा घातला, त्यांच्यात दहापैकी नऊ जणांना फायदा झाला. बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

एक विनंती. बाक दिसला म्हणून कोणाकडून पाठ ओढून, तुडवून, कडकड वाजवून घेऊ नका. त्याने बाक जात नाही, त्यात महिने जातात, आणि आपल्याकडे नेमके महिनेच कमी असतात. आणि मुलीच्या पाठीत रात्री दुखत असेल, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर एकही दिवस न थांबता डॉक्टरांकडे जा.

आणि लग्नाचं. मला माहीत आहे, तुमच्या मनात तेच आहे. "बोभाटा झाला तर पोरीला कोण करणार?" या भीतीने किती घरांत दार बंद राहतं! पण झाकून बाक थांबत नाही, वाढतो. बाक असलेल्या बहुतेक मुली शिकतात, कामं करतात, लग्न करतात, त्यांना मुलंबाळं होतात. जगातला सगळ्यात वेगवान धावपटू उसेन बोल्ट, त्याच्याही कण्याला बाक आहे.

आमच्या त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. आता ती बारावीला आहे. तिला एक धाकटी बहीण आहे, तेव्हा अकरा वर्षांची. मोठीचं कळल्यावर आईने त्याच आठवड्यात धाकटीची पाठ बघितली. तिलाही बाक निघाला, पण लहान. सहा महिन्यांनी तो थोडा वाढला, तेव्हा पट्टा मिळाला. पहिले पंधरा दिवस पोर रडली. आपल्या हवेत घाम येतो, पुरळ उठतं. गटातून अंतर्गत कर्ज काढून येण्याजाण्याची भाडी भागवली. काकूंनी पट्ट्याच्या आत घालायला मऊ सुती बनियन शिवून दिल्या, चार एकदम, रोज बदलायला. गणवेश दोन इंच सैल शिवला. शाळेतल्या बाईंनी वर्गात कोणाला चिडवू दिलं नाही. शेवटच्या तपासणीत बाक होता तेवढाच निघाला.

काकूंच्या मापाच्या वहीत आता एक रकाना वाढलाय. दर जूनमध्ये माप घेताना दोन्ही बाजूंची उंची वेगवेगळी लिहायची, आणि फरक निघाला तर खांद्यात घडी घालायच्या आधी आईला घरात बोलवून सांगायचं. तुमच्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे जरूर सांगा. आणि आज रात्री जेवणं आटोपल्यावर, दार लावून, लेकीला विचारून तिची पाठ एकदा बघा.

पुढच्या वेळी पुन्हा कर्जाचंच बोलू.